जुने डाग (दागिने), घड्याळं, चित्रं: मोडीत, सराफाकडे की लिलावात? (नाशिक)

गोदातीर

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात वाडा उतरवायला काढला की वाटणी होते, कपाटातून डबा निघतो आणि डब्यातलं सगळं एकाच तराजूत जातं. सराफ बाजारात वजन होतं, लाख-खडे-मोती वजा होतात, घट (वितळवताना होणारी तूट) धरली जाते आणि उरलेल्या सोन्याचा त्या दिवसाचा भाव हातावर पडतो. सराफाचं यात काही चुकत नाही, तो धातू विकत घेतोय. पण प्रत्येक डाग म्हणजे नुसता धातू नसतो, असं माझं ठाम मत आहे.

मोघम चर्चा नको म्हणून पाच वस्तू मांडतो:
१) मोत्यांची जुनी नथ, मधोमध लाल खडा
२) लाख भरलेले गोठ (हातातल्या जाड बांगड्या), जोडी, वर नकसकाम
३) साध्या पाटल्या, झिजलेल्या
४) फेवर ल्युबा सी किंग मनगटी घड्याळ, चावीचं, बंद पडलेलं
५) रविवर्मा प्रेसची लक्ष्मी, लाकडी चौकटीत

यातलं लिलावात देण्याजोगं काय? आणि देण्याआधी काय करावं, काय करू नये?

कसोटी

सुरुवात ३ नंबरपासून करतो, कारण ते सगळ्यात सोपं. साध्या पाटल्या लिलावात देऊ नका. हिशोब बघा. समजा हातोडा १,००,००० वर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी लागली. लिलाव करणाऱ्याचं विक्रेत्याकडून कमिशन १० टक्के धरलं तर तुमच्या हातात ९०,०००. त्यातून फोटो, विमा, वाहतूक वेगळी. घेणारा हातोड्याच्या रकमेवर प्रीमियम भरतो, तो २० टक्के धरला तर त्याला पडले १,२०,००० आणि वर जीएसटी. (हे दर उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक ठिकाणच्या अटी वाचा.) म्हणजे मध्ये ३०,००० चं अंतर. ज्या वस्तूची किंमत धातूपुरतीच आहे तिच्यासाठी घेणारा एवढं जास्त का देईल? तो सराफाकडून घेईल. लिलावात तीच वस्तू द्यायची जिची घडण आज होत नाही, किंवा झाली तर घडणावळ परवडत नाही.

आता पाटल्यांचा कस घरी कसा बघायचा ते. ०.०१ ग्रॅमचा तराजू लागतो. आधी पाटली कोरडी तोला. मग तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, पाटली दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि काठाला लागू देऊ नका. जो आकडा दिसेल तो पाटलीचा घनफळाचा आकडा. उदा. कोरडं वजन २३.४० आणि पाण्यात १.३२ आलं तर २३.४० भागिले १.३२ म्हणजे घनता १७.७. हे २२ कॅरेटच्या आसपासचं सोनं. शुद्ध सोनं १९.३ येतं, १८ कॅरेट साधारण १५.५.

पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. नकसात हवेचे बुडबुडे अडकले तर घनफळ वाढून कस कमी दिसतो, आणि माणूस उगाच सराफावर संशय घेतो.

होळकरपूल

वाचनखूण साठवली. पाण्याचा प्रकार आजच करून बघणार.

तांबटलेन

कसोटीकाकांच्या माहितीत थोडी भर. १७.७ हा आकडा घासून पक्का नाही. २२ कॅरेटमध्ये भेसळ सगळी तांब्याची असेल तर १७.६ येतं, सगळी चांदीची असेल तर १८ च्या जवळ. त्यामुळे १७.६ ते १८ ही पट्टी धरा. आणि टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याइतकीच असल्यामुळे बिस्किटाला ही परीक्षा लावू नका.

हॉलमार्किंग केंद्रातलं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी कस मोजणारं) यंत्रसुद्धा फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतं. मुलामा असेल तर मुलाम्याचा कस सांगतं. उलट डाखावर (जोडाच्या झाळीवर) नेम धरला तर चांगल्या डागाचाही कस कमी दाखवतं. म्हणून तीन ठिकाणी मोजायला सांगा: दर्शनी भाग, आतली बाजू आणि जोडापासून लांबची जागा. कसोटीच्या दगडावर ओढायचंच असेल तर आतल्या बाजूनं, दर्शनी नकसावर नाही.

मुंबैकर

गोठांनाही हीच पाण्याची युक्ती चालेल ना?

कसोटी

नाही! बरं झालं विचारलंत. लाख भरलेला डाग पाण्यात घालूच नका. गोठाच्या तोंडाशी, जिथे झाकण झाळलेलं असतं, तिथे केसाएवढी फट असतेच. पाणी आत शिरतं आणि महिनोन्महिने बाहेर येत नाही.

शिवाय उत्तरही मिळत नाही. समजा गोठ ३० ग्रॅमचा आणि घनफळ १० घनसेंटिमीटर. लाख स्वच्छ असेल, म्हणजे घनता १.२, तर हिशोबाने सोनं १९.३ ग्रॅम येतं. त्याच लाखेत विटेची पूड घातलेली असेल आणि घनता १.६ झाली तर सोनं १५.४ ग्रॅम. सुमारे चार ग्रॅमचा फरक, तोही फक्त आत काय भरलंय हे माहीत नसल्यामुळे. नेमकं वजन हवं तर लाख काढावी लागते, आणि तापवून लाख काढली की पातळ पत्र्याचा आधार गेला, नकस बसला, डाग संपला. सराफ "लाख काढून बघू" म्हणाला तर समजा की तो मोडीचा विचार करतोय. त्याच्या धंद्याप्रमाणे ते बरोबरच आहे, पण निर्णय तुम्ही आधी घ्या.

लिलावाच्या यादीत अशा डागाचं एकूण वजन देतात आणि "लाखेसह" असं लिहितात. तुम्हीही तेवढंच लिहून द्या.

दस्तऐवज

जुन्या चिठ्ठ्या असतील तर वजनाचं भान ठेवा. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, १२ मासे म्हणजे १ तोळा, ८ गुंजा म्हणजे १ मासा. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. चिठ्ठीवर "साडेतीन तोळे दोन गुंजा" असेल तर ते ४१.०७ ग्रॅम होतात. आजच्या तोळ्याने ३५ धरले तर सहा ग्रॅम हवेत जातात, आणि मग वाटणीत "डाग बदलला" म्हणून भांडणं लागतात.

चिठ्ठ्या मोडी लिपीत असतात म्हणून रद्दीत टाकू नका. लिलावात वस्तूच्या वंशावळीला पैसे मिळतात: सराफाची पावती, वाटणीपत्र, मृत्युपत्रातली यादी, लग्नातला फोटो ज्यात तीच नथ ओळखू येते. फोटोच्या मागे छायाचित्रकाराचा शिक्का असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. मोडी वाचून घेऊन लिप्यंतर मूळ कागदासोबत जोडा. मूळ कागदावर पेनने काही लिहू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

मोहनमाळ

नथीबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान नथींचं होतं.

सगळे विचारतात, "बसरा मोती आहे का?" म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती. दातावर घासून बघण्याने एवढंच कळतं की मोती काचेचा-प्लास्टिकचा नाही. खरखरीत लागलं म्हणजे मोती खरा, पण नैसर्गिक की कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला) ते दात सांगत नाहीत. दहापट भिंगातून छिद्र बघा. मणी घालून वाढवलेल्या कल्चर्ड मोत्यात छिद्राच्या आत, काठापासून थोडं खाली, गोल काळपट रेघ दिसते. आतला मणी आणि वरचा थर यांची ती सीमा. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे पापुद्रे मध्यापर्यंत जातात. शिवाय जुन्या नैसर्गिक मोत्याचं छिद्र फार बारीक असतं, कारण मोती वजनावर विकला जायचा आणि छिद्र मोठं पाडणं म्हणजे पैसे उडवणं. पण बारीक मोत्यांत मणी न घालता वाढवलेलेही असतात, ते भिंगाला सापडत नाहीत. तिथे एक्स-रे हाच निकाल, आणि तो रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतच होतो. नाशकातून मुंबई जवळ पडते.

लाल खडा. जुना म्हणजे माणिकच असं नाही. कृत्रिम माणिक १९०२ नंतर बाजारात आलं आणि चांगल्या चांगल्या घरांच्या दागिन्यांत बसलं. भिंगातून आत वळणदार रेषा (ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या) आणि गोल बुडबुडे दिसले तर कृत्रिम. नैसर्गिक माणकात रेषा सरळ, कोनात वळणाऱ्या. कृत्रिम निघालं म्हणून नथ टाकाऊ होत नाही, उलट ती १९०२ नंतरची हे कळतं. फक्त यादीत तसं लिहिलेलं हवं.

आता काय करू नये:
मोती चिंचेच्या पाण्यात, लिंबात, रिठ्यात घालू नका. आंबटाने मोती विरघळतो, अक्षरशः. वरची चमक गेली की परत येत नाही.
नथ पुन्हा गुंफून घेऊ नका. जुनी तार, जुना पीळ, मोत्यांचा क्रम हाच पुरावा. पटवेकऱ्याने नव्या तारेत ओवली की मोती तेच राहतात, नथ मात्र आजची होते.
नाकात टोचायची तार कापून चाप बसवू नका. हे सर्रास होतं. कापलेला तुकडा घरात असेल तर नथीबरोबर ठेवा.

लंबक

४ नंबर माझा विषय. बंद घड्याळ बघितलं की हात चावीकडे जातो. नका फिरवू. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळात तेल सुकून डिंक झालेलं असतं आणि त्यात धातूची भुकटी. चावी देऊन चालवलं तर चक्रांच्या आसांची टोकं झिजतात. सी किंगच्या २५१ जातीच्या यंत्रणेत दोन बॅरल (स्प्रिंगच्या डब्या) आहेत. ती पातळ आणि नाजूक, सुटे भाग सहज मिळत नाहीत.

आधी फोटो काढा: तबकडी समोरून, तिरक्या उजेडात, मुकुट (चावीचं बोंड) बाजूनं, मागचं झाकण बाहेरून. झाकण उघडायला घड्याळजीकडे द्या, सुरीने नाही. मग झाकणाची आतली बाजू आणि यंत्रणा यांचे फोटो.

तबकडी पुन्हा रंगवलेली आहे का, हा सगळ्यात मोठा प्रश्न. आपल्याकडच्या बाजारात रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळं इतकी आहेत की बाहेरचे संग्राहक भारतातून आलेल्या सी किंगकडे आधी संशयानेच बघतात. बघायच्या जागा:

तबकडीच्या तळाशी ६ च्या खाली बारीक अक्षरात "स्विस मेड" हवं. ते नसेल, अर्धं कापलेलं असेल किंवा जाड शाईत असेल तर रंगवलेली.
मिनिटांच्या रेघा तासांच्या उठावाच्या खुणांशी जुळतात का? हातानं छापताना एक-दोन जागी घसरतातच.
तारखेची खिडकी असेल तर तिच्या काठावर रंगाची जाडी. मूळ तबकडीचा काठ स्वच्छ कापलेला असतो.
जांभळी, पोपटी, भगवी तबकडी आणि वर कंपनीचं नाव मोठ्ठं: सोडून द्या.

काटे अंधारात चमकतात का तेही बघा, पण उलट अर्थाने. १९५०च्या दशकातलं रेडियम लावलेलं घड्याळ टॉर्च मारल्यावर तासभर चमकलं तर काट्यांवर नवीन रंग लावलाय. खरं रेडियम आता चमकत नाही कारण त्यातलं जस्ताचं रसायन जळून गेलंय. पण रेडियम तिथेच आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. म्हणून काच उघडी असताना काटे-आकडे खरवडू नका आणि ती पावडर नाकात जाऊ देऊ नका.

लिलावासाठी घड्याळ चालू असलंच पाहिजे असं नाही. "बंद, मूळ तबकडी, मूळ मुकुट" हे "चालू, रंगवलेली तबकडी, चकचकीत पॉलिश" यापेक्षा कधीही वरचढ.

सिडकोवासी

लंबक, दुरुस्त करूनच विकायचं झालं तर चांगली सर्व्हिस झाली हे कसं ओळखायचं?

लंबक

टाइमग्राफरवरचा (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचा) कागद मागा. पूर्ण चावी दिल्यावर, तबकडी वर ठेवून, तोलचक्राचा झोका २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान असावा. २२० च्या खाली म्हणजे तेल किंवा स्प्रिंगचा प्रश्न. बीट एरर (टिक आणि टॉक यांतला फरक) ०.८ मिलिसेकंदाच्या आत. चालीचा दर (दिवसाला किती पुढे-मागे) चार-पाच स्थितींत बघावा, एकाच नाही. घड्याळ एकदम दिवसाला मिनिटं पुढे जायला लागलं तर बहुतेक वेळा केसस्प्रिंग चुंबकित होऊन वेटोळी चिकटलीत, ते दोन मिनिटांत निघतं.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी तुटकी काचसुद्धा, पुडीत घालून परत मागा. केस घासायला स्पष्ट नाही म्हणा. पट्टा अडकवायच्या चार शिंगांच्या कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

रविवारकारंजा

आणि एचएमटी? घरोघरी आहेत. जनता, पायलट, कांचन.

लंबक

एचएमटीवर माझं प्रेम आहे. १९६१ साली सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत सुरू झाली, २०१६ मध्ये घड्याळांची कंपनी बंद झाली. पण मोठ्या लिलावाची ही वस्तू नाही. संग्राहकांच्या गटात, डबा आणि हमीकार्डासकट असेल तर चांगली जाते. देवनागरी आकड्यांच्या तबकडीची जनता असेल तर विकायच्या आधी दोनदा विचार करा, आणि वर लिहिलेल्या सगळ्या परीक्षा तिलाही लावा. रंगवलेल्यांत तिचाच भरणा आहे.

होळकरपूल

लिलावाचा विषय निघाला आणि नाशिकचा हिरा कोणी काढला नाही, हे बरं नाही :) त्र्यंबकेश्वरचा हिरा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला, लंडनला गेला, १८३७ मध्ये तिथे लिलावात ७,२०० पौंडांना गेला. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्कला पाच लाख डॉलरला.

कसोटी

होळकरपूल, विषयाला धरूनच आहे. तो हिरा लंडनला होता तेव्हा वजन ८० कॅरेटच्या आसपास होतं. १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने पुन्हा पैलू पाडून घेतले आणि ४३.३८ कॅरेट राहिलं. चमक वाढली, पण त्र्यंबकेश्वरात ज्या रूपात तो होता ते रूप जगात कुठेच उरलं नाही. नथीतले, कुड्यांतले जुने हिरे "नवीन कटिंग करून देतो" म्हणणारे आजही भेटतात. जुन्या कटाचा हिरा वरून बघितला तर टेबल (वरचा सपाट पैलू) लहान, मुकुट (हिऱ्याचा वरचा भाग) उंच, आणि मधोमध खालचं टोक छाटलेलं असल्याने छोटं वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ दिसलं तर हात लावू नका.

चौकट

५ नंबर. रविवर्मा प्रेसची लक्ष्मी हे चित्र नव्हे, छापील ओलिओग्राफ आहे. हा भेद मनाशी पक्का करा, म्हणजे अपेक्षाही बरोबर राहतील. प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि १९०१ च्या सुमारास जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखरकडे आला. त्यानंतरही छपाई चालूच होती, त्यामुळे "रविवर्म्याच्या हयातीतलं" असं डोळे झाकून लिहू नका.

भिंग घ्या आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. जुन्या शिळाछापात वेगवेगळ्या रंगांचे लहानमोठे ठिपके विखुरलेले दिसतात, हाताने टिंबं टाकल्यासारखे, कारण ते दगडावर हातानेच टाकलेले असतात. अलीकडच्या ऑफसेट नकलेत ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल गटात बसलेले दिसतात. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिले की आयुष्यात परत चूक होत नाही.

दुसरी परीक्षा ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चची, अंधाऱ्या खोलीत. कागद झगझगीत निळसर पांढरा उजळला तर त्यात उजाळक रसायन आहे, आणि ते साधारण १९५० नंतरच्या कागदातच सापडतं. जुना कागद मंद पिवळसर राहतो. चित्रावर नंतर कोणी रंग भरला असेल तर तेवढा भाग गडद डाग होऊन दिसतो. ही टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

आता चौकट. खालच्या कडेला प्रेसचं नाव आणि चित्राचं नाव छापलेलं असतं. चौकटीत बसवताना ती कडा कापली असेल तर किंमत बरीच उतरते. चौकटीच्या आत दुमडलेली असेल तर ती वाचलेली आहे. म्हणून चौकट उघडायची घाई नको. नाशकातल्या पावसाळ्यात वार्निशचा पृष्ठभाग काचेला चिकटतो. काच उचलली की लक्ष्मीचा चेहरा काचेबरोबर येतो. चिकटलंय असं वाटलं तर काचेसकट संवर्धकाकडे द्या. मागची लाकडी फळी आम्लाने कागदाला तपकिरी करते, ती मात्र जाणकाराकडून बदलून घ्यावी. जुनी फळी आणि तिच्यावरचं फ्रेमवाल्याचं लेबल फोटो काढून जपा.

जरी-टिकल्या लावलेल्या लक्ष्म्या असतात. त्या टिकल्या जुन्या असतील तर तो त्या वस्तूचाच भाग. "साफ" करू नका.

पंचवटीकर

चौकट, हाताने काढलेल्या चित्रांचं काय? घाटांची जलरंगातली चित्रं नाशकात बऱ्याच घरांत आहेत, शिवाजी तुपे यांची म्हणून दाखवतात.

चौकट

तुपेसरांचं काम या शहराचा ठेवा आहे, म्हणूनच जपून. सही आहे एवढ्यावर थांबू नका. सही रंग ओला असताना केलेली की वाळल्यावर, हे भिंगातून दिसतं. ओल्यात केलेल्या सहीची कडा कागदात विरलेली असते. नंतर केलेली सही भेगांवरून आणि धुळीवरून जाते. चित्र थेट त्यांच्याकडून किंवा प्रदर्शनातून घेतल्याचा कागद असेल तर तो चित्राइतकाच जपा.

यादीतली भाषा वाचायला शिका. नुसतं चित्रकाराचं नाव म्हणजे लिलाव करणारा त्याचं काम मानतो. "अमुक यांचे मानले जाते" म्हणजे खात्री नाही. "अमुक यांच्या वर्तुळातील" म्हणजे त्या काळातला दुसरा कोणी. "अमुक यांच्या शैलीत" किंवा "अमुक यांच्यानंतर" म्हणजे नक्कल किंवा अनुकरण, कदाचित खूप नंतरचं. "सही असलेले" आणि "सही दिसते" यांतही फरक आहे, दुसऱ्यात सहीची जबाबदारी घेतलेली नसते.

दस्तऐवज

कायद्याचं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक महागात पडते.

पुरावस्तू आणि कला निधी अधिनियम १९७२ चा, लागू झाला ५ एप्रिल १९७६ पासून. १०० वर्षं किंवा जास्त जुनी कलावस्तू म्हणजे पुरावस्तू, हस्तलिखिताला ७५ वर्षं. पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशात विकता येते, पण त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून लिलाव करणाऱ्याकडे तो आहे का ते आधी विचारा. दगड, धातू, लाकूड, हस्तीदंत यांची शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं अशा ठरलेल्या प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे आणि मालक बदलला की कळवावं लागतं. वाड्यातल्या देवघरातली पिढीजात धातूची मूर्ती यात येऊ शकते. चौकशी सरकारवाड्यातल्या पुरातत्त्व कार्यालयापासून सुरू करा.

राजा रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, तीन टागोर (रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ), शैलोज मुखर्जी आणि निकोलाय रोरिक या नऊ जणांची चित्रं कला निधी आहेत. वय कितीही असो, बाहेर जात नाहीत.

दुसरं, वाघनख. आपल्याकडे लहान मुलांच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख जुन्या डब्यात हमखास निघतं. त्याची विक्री वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि मालकी प्रमाणपत्राशिवाय ते जवळ असणंही. हस्तीदंताच्या डब्या, फण्या, बांगड्या यांचंही विकायच्या बाबतीत तेच. सोनं काढून घेऊन नख कोणाला देऊन टाकणं हा उपाय नाही. वनविभागाकडे जाऊन सांगा.

तिसरं, जमिनीत सापडलेलं. वाडा पाडताना पायात हंडा निघाला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांवरची कुठलीही ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली १३,००० वर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने क्षत्रप राजा नहपानाच्या छापावर आपला छाप मारलेला होता. ती नाणी एकत्र तपासता आली म्हणून तो इतिहास कळला. ती विखुरली असती तर काय उरलं असतं?

रविवारकारंजा

पुतळी हारातल्या पुतळ्यांना नाणी म्हणायचं का मग?

मोहनमाळ

पुतळीचा नमुना व्हेनिसच्या डुकाट नाण्याचा, पण हारातल्या बहुतेक पुतळ्या इथेच ठशावर पाडलेल्या. खरा डुकाट साधारण साडेतीन ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचा असतो. एकेक पुतळी हलकी भरली आणि सगळ्या तंतोतंत एकसारख्या असल्या तर त्या दागिन्यासाठीच केलेल्या. हारात एखादं खरं नाणं मिसळलेलं असेल तर त्याला सुटं करून विकू नका, हार मोडतो. नाण्याची ओळख पटवायला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्र संस्था आहे, तिथल्या संग्रहालयात नाणी शेजारी ठेवून बघता येतात.

सिडकोवासी

बँका आणि पतसंस्था तारण सोन्याचे लिलाव करतात, त्यात जुने डाग स्वस्तात मिळतात म्हणे. खरं का?

तांबटलेन

तो लिलाव कर्ज वसुलीचा, तिथे धातूच विकला जातो, बहुतेक वेळा गठ्ठ्याने. "जसं आहे तसं" घ्यायचं, हातात धरून बघायला वेळ जेमतेम. त्या सोन्यामागे कोणाची तरी अडचण असते एवढंही लक्षात ठेवावं.

मुंबैकर

पैसे आणि करांचं कोणी सांगेल का?

दस्तऐवज

थोडक्यात. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, त्यामुळे सगळं बँकेतून. दागिने वारशाने आले असतील तर आधीच्या मालकाकडे होते तो काळही धरला जातो, २४ महिन्यांवर असेल तर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, दर १२.५ टक्के. वस्तू १ एप्रिल २००१ च्या आधीपासून घराण्यात असेल तर त्या तारखेची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. ती सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून लेखी घ्या, विक्रीच्या आधी. विक्री झाल्यावर वस्तू दाखवता येत नाही.

राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती) करारात आकड्याने लिहून घ्या. ती सहसा अंदाजाच्या खालच्या आकड्याएवढी किंवा त्याहून कमी असते. विक्री झाली नाही तर परत नेण्याचा खर्च कोणाचा, मध्येच वस्तू काढून घेतली तर दंड किती, आणि विमा कुठल्या क्षणापासून सुरू, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी.

कसोटी

आणि हॉलमार्कची काळजी करणाऱ्यांसाठी: कुंदन, पोलकी, जडावाचे दागिने आणि घड्याळं सक्तीच्या हॉलमार्किंगमधून वगळलेली आहेत. जुन्या जडावाच्या डागावर सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक डागाचा वेगळा हॉलमार्क क्रमांक) नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. उलट १०० वर्षांचा म्हणून दाखवलेल्या डागावर लेझरचा एचयूआयडी दिसला तर प्रश्न विचारा. कुंदनाला मात्र पाणी, वाफ, अल्ट्रासॉनिक काही नको. खड्यामागचा चांदीचा वर्ख ओलाव्याने काळा पडतो आणि खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी जे समजलो ते असं: पाटल्या सराफाकडे, तीन दुकानांत भाव विचारून. गोठ आणि नथ एकत्र, मोत्यांचा एक्स-रे करून, न धुता, न उजळवता लिलावाला. घड्याळ बंदच ठेवून, तबकडी मूळ निघाली तर लिलावाला, नाहीतर नाही. लक्ष्मी काचेसकट आधी संवर्धकाकडे. बरोबर?

मोहनमाळ

एक दुरुस्ती. गोठ आणि नथ एकाच लॉटमध्ये देऊ नका. नथ बघणारा मोत्याचा माणूस, गोठ बघणारा नकसाचा. एकत्र दिलं की दोघेही दुसऱ्या वस्तूला शून्य धरून बोली लावतात. गोठांची जोडी मात्र फोडू नका.

तांबटलेन

लाल खड्याची तपासणी मोत्यांबरोबरच करून घ्या, दोनदा प्रवास नको. आणि फोटोत गोठाच्या आतली बाजू आणि झाकणाची झाळ दाखवा. जाणकार आधी तीच बघतो.

गोदातीर

धन्यवाद, लक्षात ठेवतो. शेवटचं एक: नथ मुंबईला न्यायची कशी? डबीत हलते.

मोहनमाळ

कापूस नको, मोत्यांच्या मधल्या तारेत धागे अडकतात. धुतलेल्या मऊ मलमलच्या कापडाची गुंडाळी करून तिच्यावर नथ आडवी ठेवा, वर तेच कापड, मग कडक डबी. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत महिनोन्महिने ठेवू नका, मोती कोरडे पडून तडकतात. प्रवासापुरतं चालेल. निघण्यापूर्वी नथीचा दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि मोती मोजून आकडा लिहून ठेवा. प्रयोगशाळेच्या पावतीवर तोच आकडा लिहून घ्या.